आडवी बाटली आणि जगाची शांतता

मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात: एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीला मत दिलं तर गावातलं दारूचं दुकान बंद करण्याच्या बाजूने कौल. महाराष्ट्राच्या 2008 च्या आदेशानुसार गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतलं जातं. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा इथे कुणाला न विचारता निर्णय देते. अट मात्र कडक आहे. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी घरीच थांबली, तिचं न दिलेलं मत दुकानाच्याच पथ्यावर पडतं.

गंगाखेड, पालम, जिंतूर अशा परभणीच्या तालुक्यांतल्या गावांनाही हा मार्ग खुला आहे. थक्क व्हायला होतं ते पुढे. नवऱ्याची दारू, घरातली मारहाण, त्यातून पेटणारी भांडणं हे सगळं ज्यांना सोसावं लागतं त्यांनाच निर्णयाचा हक्क, हे या मतपत्रिकेमागचं सूत्र. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 31 ऑक्टोबर 2000 रोजी एकमताने मंजूर केलेला ठराव 1325 याच सूत्रावर उभा आहे. युद्धाची झळ बायकांना बसते, तर शांततेच्या वाटाघाटींतही त्या हव्यात, असं तो बजावतो.

ठराव कागदावर राहू नये म्हणून देश राष्ट्रीय कृती आराखडे करतात. कोणतं काम कोणत्या खात्याचं, मुदत किती, पैसा कुठून, मोजमाप कोण करणार, हे त्यात लिहिलेलं असतं. पहिला आराखडा डेन्मार्कने 2005 मध्ये केला. आज शंभरहून अधिक देशांनी तो केलाय. शेजारच्या नेपाळने 2011 मध्ये केला, बांगलादेशाने 2019 मध्ये.

भारताचा असा आराखडा अजून नाही. पण 2007 मध्ये भारतानेच लायबेरियात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतली पहिली संपूर्ण महिला पोलिस तुकडी पाठवली. गृहयुद्धाने पोळलेल्या त्या देशात केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या या महिला रस्त्यांवर गस्त घालत, आणि त्यांना पाहून तिथल्या मुलीही पोलिसात यायला पुढे सरसावल्या. ही तुकडी 2016 मध्ये परतली.

घराबाहेरच्या जगात आपण हे करून दाखवलं. गावपातळीवर कायदेही आहेत: ग्रामपंचायतीत महिलांना निम्म्या जागा आणि ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा. दिल्लीत आराखडा होईल तेव्हा होवो, त्याची मागणी आपण करत राहूच. पण गावची महिला सभा दवंडी देऊन, वेळेवर आणि भरगच्च व्हावी, यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. पुढच्या ग्रामसभेची तारीख ग्रामपंचायतीत विचारा आणि तिच्या आधीच्या महिला सभेला शेजारणीला घेऊन जा.