डिस्नेची सहल आणि केनेलचा बागुलबुवा

‘केनेल’ म्हटलं की पुण्या-मुंबईत डोळ्यांसमोर येतो तो पिल्लं विकणारा ब्रीडर. चार दिवस कुत्रा ठेवायच्या जागेला इथे ‘डॉग हॉस्टेल’ म्हणतात, नाहीतर नुसतंच ‘बोर्डिंगला ठेवलाय’. अमेरिकेत मात्र या एका शब्दात ब्रीडरची जागाही येते, मुक्कामाची सोयही येते आणि थीम पार्कच्या दारात काही तासांपुरता मिळणारा पिंजराही येतो. न्यू जर्सीहून गाडी काढून दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापत ऑरलँडोला निघालेल्या मराठी कुटुंबाचा घोळ इथूनच सुरू होतो. मुलांच्या डिस्नेच्या तिकिटांपासून हॉटेलपर्यंत सगळं महिनोन्‌महिने आधी ठरलेलं असतं, आणि मागच्या सीटवरच्या लॅब्रॅडॉरचं काय करायचं ते तेवढं राहिलेलं असतं. केनेलचं नाव निघालं की भारतातून आलेल्या आजीचा जीव तुटतो: मुक्या जिवाला कोंडून तुम्ही मजा मारणार? भावना खोटी नाही. पण या अपराधीपणापोटी केनेल टाळलं जातं आणि त्याच्या जागी जे निवडलं जातं, ते पुष्कळदा कुत्र्याला केनेलहून जड जातं. म्हणून भावनेइतकंच माहितीकडेही पाहायला हवं.

सगळ्यात घट्ट बसलेला समज हा की केनेलमध्ये ठेवलेला कुत्रा खचतो, आपल्याला टाकून दिलं असं त्याला वाटतं. कुत्र्याला काय वाटतं ते विचारता येत नाही, पण त्याच्या शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, मोजता येतं. अमेरिकेतल्या एका सरकारी निवारा केंद्रातल्या कुत्र्यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या तीन दिवसांत कॉर्टिसोल चढलेलं आणि त्यानंतर उतरत गेलेलं दिसलं. यावर कोणी म्हणेल, ती निवाऱ्यातली बेवारस कुत्री, आमच्या घरातल्या लाडक्याशी त्यांची तुलना कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं बरंचसं उत्तर २०१४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी केलेल्या कामात मिळतं. त्यांनी मालकांच्या घरी राहणारे २९ कुत्रे घरीही आणि बोर्डिंग केनेलमध्येही तपासले. केनेलमध्ये त्यांच्या शरीराची उत्तेजना वाढलेली होती, हे खरं. पण वागणूक आणि इतर खुणा एकत्र पाहता, थोड्या दिवसांचा मुक्काम या कुत्र्यांना भीतीपेक्षा नव्या जागेच्या खळबळीसारखा वाटत असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाची छाती धडधडते, तिचं कारण दर वेळी भीतीच असतं असं नाही.

तरीही या पुराव्यावर टेकून निर्धास्त होऊ नये. त्यातला गैरसोयीचा भाग असा: जुळवून घ्यायला दोन-तीन दिवस लागत असतील, तर चार दिवसांच्या सहलीत कुत्र्याचा जवळजवळ सगळा मुक्काम त्या जुळवून घेण्यातच जातो. तो रुळायला लागतो तेव्हा तुम्ही त्याला न्यायला आलेले असता. त्यामुळे आधी घराजवळच्या बोर्डिंगमध्ये एक रात्र ठेवून पाहणं हा निव्वळ सोपस्कार नव्हे. घराबाहेर, अनोळखी हातून जेवणं आणि झोपणं त्याला पहिल्यांदाच ऑरलँडोत शिकावं लागू नये, एवढ्यासाठी ते करायचं. उलट ‘दहा तास झाले, बिचारा घड्याळाकडे डोळे लावून बसला असेल’ ही चिंता थोडी सैल करता येईल. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात बारा कुत्र्यांना घरी एकटं ठेवलं होतं. अर्ध्या तासाने परतलेल्या मालकापेक्षा दोन तासांनी परतलेल्याचं स्वागत जास्त जोरात झालं, पण दोन तास आणि चार तास यांत तसा फरक दिसला नाही. वेळ कळतच नाही असा याचा अर्थ नाही. आपण मोजतो तशी ती बहुधा मोजली जात नाही, इतकंच.

खरा घोटाळा होतो तो ‘पार्कला केनेल आहे’ या वाक्यापाशी. ते ऐकलं की दिवसभराची काळजी मिटली असं वाटतं. कॅलिफोर्नियात अनाहाइमच्या डिस्नेलँडला १९५८ साली मुख्य प्रवेशद्वाराजवळ केनेल सुरू झालं. कुत्र्यांच्या खाद्याची एक कंपनी तेव्हा त्याची प्रायोजक होती. पण ती दिवसापुरती सोय होती, तिथे रात्रीचा मुक्काम नव्हता. शिवाय कुत्र्याला आत ठेवायचं, बाहेर काढायचं, फिरवायचं ही सगळी कामं मालकानेच करायची असत. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमधलं केनेल गाड्यांच्या बहुमजली पार्किंगमध्ये आहे. तेही दिवसाचंच, आणि तिथेही अधूनमधून येऊन कुत्र्याला पाय मोकळे करायला न्यायची जबाबदारी तुमच्यावर. म्हणजे राइडच्या रांगेतून बाहेर पडायचं, फाटकाबाहेर यायचं, पार्किंगपर्यंत चालायचं, कुत्र्याला फिरवायचं, पाणी द्यायचं आणि पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहायचं. हे दिवसातून दोन-तीनदा करायची तयारी असेल तर ही सोय उत्तम आहे. नसेल तर तो कुत्रा दिवसभर पिंजऱ्यातच बसणार, आणि तो दोष केनेलचा नाही. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचं चित्र वेगळं आहे. तिथेही पूर्वी पार्कांच्या दारांत अशी छोटी केनेलं होती. २०१० मध्ये बाहेरच्या एका पाळीव प्राणी सेवा कंपनीने डिस्नेच्याच आवारात वातानुकूलित बोर्डिंग सुरू केलं आणि पार्कांच्या दारांतली ती केनेलं बंद झाली. इथे रात्रीचा मुक्काम होतो, माणसं नेमलेली असतात, फिरवणं-खेळवणं ठरवून घेता येतं. तिन्ही ठिकाणांना शब्द एकच, कुत्र्याचा दिवस मात्र तीन तऱ्हांचा. म्हणून चौकशी करताना दरपत्रकाच्या आधी विचारायचं ते हे: माझ्या कुत्र्याला बाहेर कोण काढणार आणि किती वेळा?

‘त्यापेक्षा हॉटेलच्या खोलीतच ठेवू, निदान आपला वास तरी असेल’ हा दुसरा लोकप्रिय विचार. २०१७ पासून डिस्नेच्या काही रिसॉर्टांत जादा शुल्क भरून खोलीत कुत्रा ठेवता येतो, एका खोलीत जास्तीत जास्त दोन. संध्याकाळी सगळे परत येणार असतील, दुपारी कोणी चक्कर मारणार असेल, तर हा पर्याय चांगलाच आहे. पण थीम पार्कचा दिवस असा नसतो. सकाळी फाटक उघडायच्या आधी निघालेलं कुटुंब रात्रीची आतषबाजी पाहूनच परततं. तेवढे बारा-तेरा तास कुत्रा अनोळखी खोलीत एकटा. या कुत्रेवाल्या रिसॉर्टांपैकी यॉट क्लब तर डिस्नेच्याच एपकॉट पार्कच्या अगदी शेजारी आहे, आणि एपकॉटच्या तळ्यावर रात्री दारूकाम होतं. दिवाळीत पलंगाखाली शिरणारा कुत्रा ज्यांच्या घरी आहे, त्यांना पुढचं सांगायला नको.

उरला तो सर्वांत घातक समज: थोडा वेळच आहे, सावलीत गाडी लावून काच चार बोटं खाली ठेवली की झालं. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाड्यांच्या आतलं तापमान मोजलं होतं. तासाभरात ते सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर जेमतेम २२ अंश असलेल्या दिवशीही आतला पारा ४७ पर्यंत गेला. काच थोडी उघडी ठेवल्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घामाघूम होत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच थंड होतो, आणि दमट हवेत तेही नीट साधत नाही. ऑरलँडोच्या उन्हाळ्यात बाहेरच ३३ अंश आणि मुंबईची आठवण करून देणारा दमटपणा असतो. बंद गाडीत अडकलेलं मूल किंवा पाळीव जनावर वाचवण्यासाठी ठरावीक अटी पाळून काच फोडणाऱ्याला फ्लोरिडात २०१६ पासून कायद्याचं संरक्षण आहे, ते उगाच नव्हे.

लसींबाबत दोन उलटसुलट समज एकाच वेळी नांदतात. ‘केनेल कफची लस दिलीय, आता खोकला होणार नाही’ हा एक. आणि खोकला झालाच तर ‘जागा घाणेरडी होती’ हा दुसरा. केनेल कफ हा एकच आजार नाही. बोर्डेटेला नावाचा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा आणि अ‍ॅडिनोसारखे विषाणू, मायकोप्लाझ्मा अशा अनेक जंतूंपैकी एकाने किंवा काहींनी मिळून तो होतो. बोर्डेटेलाची लस त्यातल्या एकाची धार कमी करते, दार पूर्ण बंद करत नाही. स्वच्छ फरशी पार्वोसारख्या आजाराला अडवायला उपयोगी पडते, पण हवेतून पसरणारा खोकला उत्तम सांभाळलेल्या जागेतही शिरू शकतो. बालवाडीत सर्दी शिरते, तसाच. मग लस कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी खुद्द फ्लोरिडाचंच उदाहरण आहे. घोड्यांमधून कुत्र्यांत आलेला एच३एन८ फ्लूचा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला तो २००४ मध्ये, तिथल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये. कुत्रे दाटीने एकत्र राहतात तिथे असे आजार पसरायला वेळ लागत नाही, आणि लसीने लक्षणं सौम्य राहिली तरी वयस्क कुत्र्याच्या फुप्फुसांना तो फरक मोठा असतो.

मात्र लसीचं खरं गणित दिवसांचं आहे, आणि चुकतं ते तिथेच. सहलीच्या आदल्या संध्याकाळी पशुवैद्याकडे धाव घेऊन मिळालेला कागद केनेलचा काउंटर कदाचित ओलांडून देईल, संरक्षण देणार नाही. इंजेक्शनची बोर्डेटेला लस पहिल्यांदाच देत असाल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. कुत्र्यांच्या फ्लूच्या लसीचंही तसंच. नाकात सोडायची बोर्डेटेला लस एका डोसात आणि लवकर काम सुरू करते, तीही लगेच त्याच दिवशी नाही. आयुष्यातला पहिला रेबीज डोस २८ दिवसांनंतरच ग्राह्य धरला जातो. डिस्टेंपर-पार्वोची नेहमीची लस आहेच. शिवाय उत्तरेकडच्या थंड राज्यांत हिवाळ्यात डास नसतात म्हणून हार्टवर्मची गोळी थांबवणारे बरेच असतात. फ्लोरिडात डास बारमाही असतात आणि हा हृदयातला जंत डासांमार्फतच येतो. थोडक्यात, हॉटेलच्या बुकिंगइतक्याच आधी पशुवैद्याची वेळ घ्यायला हवी.

जेवणाबद्दल थोडंसं. केनेलचं महागडं खाणं म्हणजे पाहुणचार, असं समजू नये. नवी जागा आणि नवं खाणं एकदम आलं की पोट बिघडतं. घरचंच कोरडं खाणं वेळेगणिक छोट्या पिशव्यांत भरून, प्रत्येकीवर नाव आणि ‘सकाळ-संध्याकाळ’ लिहून दिलेलं बरं. डबाभर दिलं तर अनोळखी हाताच्या मापाने ते वाढलं जातं. ‘दिवसभर इतर कुत्र्यांबरोबर खेळेल’ हेही सरसकट सुख नव्हे. अनोळखी घोळक्यात आक्रसून जाणारे कुत्रे कमी नाहीत, त्यांच्यासाठी एकट्याने फिरायला नेण्याचे पैसे मोजावेत. आणि शांत राहावा म्हणून घरातली झोपेची गोळी स्वतःच्या अंदाजाने कधीच देऊ नये.

इतकं सांगूनही काही कुत्र्यांसाठी केनेल चुकीचंच आहे, हे कबूल करायला हवं. मालक नजरेआड होताच दार ओरबाडून नखं रक्ताळणारा, लसी पुऱ्या न झालेलं पिल्लू, दिवसातून चार वेळा औषध लागणारा म्हातारा, यांना दीड हजार किलोमीटर न्यायचंच कशाला? त्यांच्यासाठी आपल्याच गावातला ओळखीचा माणूस, आपल्याच घरात, हा उपाय बरा. यावर काही जण एक पळवाट सुचवतात: ऑनलाइन ‘सपोर्ट अ‍ॅनिमल’चं जाकीट विकत घ्यायचं आणि कुत्रा थेट पार्कात न्यायचा. अमेरिकेच्या अपंगत्वविषयक कायद्याच्या नियमांत सेवा-श्वान म्हणजे मालकाच्या अपंगत्वाशी निगडित ठरावीक काम करण्यासाठी शिकवलेला कुत्रा. नुसत्या सोबतीने धीर देणारा प्राणी त्यात बसत नाही, आणि जाकिटाने काहीच सिद्ध होत नाही. शिवाय खऱ्या सेवा-श्वानालाही काही राइडवर बसता येत नाही.

सहल संपल्यावरही एक गैरसमज वाट पाहत असतो. केनेलमधून सुटलेला कुत्रा मालकावर झेपावतो, अख्खं अंग हलवतो आणि गाडीपाशी पाण्याचं भांडं दिसलं की गटागटा रिकामं करतो. दहा मिनिटांत सगळं सीटवर ओकतो. मागून आवाज येतो, ‘चार दिवस पाणीसुद्धा पाजलं नाही मेल्यांनी!’ बहुतेक वेळा कारण साधं असतं: आनंदाच्या भरात हवा आणि पाणी एकत्र गिळलं गेलेलं असतं. आधी त्याला शांत होऊ द्यावं, पाणी दोन-दोन घोट द्यावं, जेवण काही तासांनी. पुढचे एक-दोन दिवस तो नुसता झोपून काढेल, त्याला रुसवा समजू नये. पण दोन आठवड्यांच्या आत घशात काही अडकल्यासारखा कोरडा खोकला ऐकू आला, तर पशुवैद्याला आधी फोन करावा आणि इतर कुत्रे बसलेल्या प्रतीक्षागृहात न जाता गाडीतच थांबावं, एसी चालू ठेवून.