अकरावीत गुण का घसरतात?

दहावीला ८५ टक्के मिळवून अकरावी विज्ञानाला गेलेल्या एखाद्या ताईला विचारा, "पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात किती पडले?" ती बहुधा विषयच बदलेल. पंचवीसपैकी आठ-नऊ गुण पडलेली मुले थोडीथोडकी नसतात. बरे, अभ्यास केला नाही म्हणावे, तर वही चार-चार वेळा वाचलेली असते. मग चुकते कोठे?

शाळेतला तास आठवा. बाई वर्गात शिरताच विचारतात, "काल काय शिकलो?" कोणाला फळ्यापाशी बोलावतात, गृहपाठ तपासतात. आपल्याला ती कटकट वाटते. परंतु त्या निमित्ताने शिकलेले पुन्हा पुन्हा आठवावे लागते. कॉलेजात वर्ग मोठा. प्राध्यापक शिकवतात आणि निघून जातात. विचारणारे कोणी उरत नाही. त्यात मराठी माध्यमातून आलेल्यांना 'घर्षण' एकाएकी 'फ्रिक्शन' होऊन भेटते, हा आणखी एक जाच! मग विद्यार्थी वाचत सुटतो.

नुसत्या वाचनाने काय साधते, याचा एक सुरेख प्रयोग अमेरिकेतील सेंट लुइस येथे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के भाग आठवला, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने मात्र वाचणारे ४० टक्क्यांवर उतरले. लिहिणारे ६१ वर होते. गंमत अशी, की आपल्याला पुष्कळ आठवेल याची खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती!

असे का व्हावे? बसमध्ये रोज दिसणारा चेहरा आपण चटकन ओळखतो. पण डोळे मिटून त्याचे वर्णन करा म्हटले की अडखळतो. ओळखणे वेगळे, आठवणे वेगळे. वाचताना ओळख वाढते, परीक्षेत मात्र आठवावे लागते.

एकदा गुण गेले म्हणजे सारे मुसळ केरात, असे मात्र नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ साली प्रसिद्ध केले. एका दिवसानंतर तीच यादी पुन्हा पाठ करताना त्याचा सुमारे एक तृतीयांश वेळ वाचे; महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश वाचे. म्हणजे विसरलेला धडा दुसऱ्यांदा शिकताना आपण शून्यापासून सुरुवात करीत नाही.

तेव्हा चाचणीची उत्तरपत्रिका फाडू नका. वही मिटा, कोरा कागद घ्या आणि चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवा. अडाल तेथे खूण करा. मगच वही उघडा. तीन-चार दिवसांनी पुन्हा कोरा कागद. हे वाचण्यापेक्षा कष्टाचे वाटेल, आणि पहिल्या दिवशी कागद अर्धा रिकामाच राहील.

आता वर न पाहता सांगा: आठवड्यानंतर त्या दोन गटांना किती टक्के आठवले होते?