बोट रोमला लागतच नाही

क्रूझच्या माहितीपत्रकात शेवटच्या दिवसापुढे ठळक अक्षरांत ‘रोम’ छापलेलं असतं. त्या दिवशी पहाटे बाल्कनीचं दार उघडावं, तर समोर क्रेन, सार्डिनियाला जायच्या फेरीबोटी आणि एक बसका दगडी किल्ला. कलोसियम नाही, सेंट पीटरचा घुमट नाही. हे चिवितावेक्किया. रोम इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. मुंबईचं तिकीट काढावं आणि खोपोलीला उतरवावं, तशातली गत. सहल आखताना आपण जहाजावरच्या जेवणापासून मसाजपर्यंत सगळ्याची चौकशी करतो. हे ऐंशी किलोमीटर मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतो.

उतरण्याची सुरुवात आदल्या रात्री होते. केबिनमध्ये रंगीत, नंबर घातलेल्या पट्ट्या येतात. त्या मोठ्या बॅगांना बांधायच्या आणि झोपण्याआधी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. सकाळी त्या थेट धक्क्यावरच्या शेडमध्ये रंगांप्रमाणे मांडलेल्या मिळतात. सोय चांगली, पण तिच्यात एक मेख आहे. आमच्या सौ.नं सगळं सामान इतकं नेटकं भरलं, की सकाळी माझ्यासाठी बाहेर उरली ती फक्त झोपायची बर्म्युडा. युरोपच्या भूमीवर मी त्याच वेषात पाऊल ठेवलं. तेव्हा एक जोडी कपडे, औषधं, चार्जर आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीतच हवेत. ज्यांना घाई आहे त्यांना आपलं सामान आपणच ओढत सर्वांत आधी उतरता येतं. मात्र उतरत्या शिडीवर दोन-दोन बॅगा सांभाळायची ताकद हवी.

आठ वाजता केबिन रिकामी करा म्हणतात, साडेनऊच्या सुमाराला जहाज जवळजवळ मोकळं होतं. काल रात्री ‘सर, मॅडम’ करणारी मंडळी आज एवढी घाई का करतात? कारण तेच जहाज त्याच संध्याकाळी नवे प्रवासी घेऊन सुटायचं असतं. दुपारी ते चढू लागण्याआधी हजारो चादरी बदलायच्या असतात. २०२३ साली या बंदरातून क्रूझच्या ३३ लाखांच्या आसपास प्रवाशांची ये-जा झाली. त्यात तुमच्या शेवटच्या चहाचं कौतुक कोणाला?

व्हिसाचं एक ध्यानात ठेवा. जहाज मध्ये तुर्कस्तानला जाऊन येणार असेल, तर तुम्ही समाईक व्हिसाच्या शेंगेन देशांबाहेर जाऊन पुन्हा आत येता. एका प्रवेशाचा व्हिसा तिथे पुरत नाही.

धक्क्यावरून फाटकापर्यंत बंदराची फुकट बस असते. ती ‘लार्गो देल्ला पाचे’ नावाच्या चौकात सोडते. तिथे टॅक्सीवाले गाठतातच. रोमपर्यंतचं टॅक्सीभाडं शंभर युरोच्या वर जातं. चौघं असाल आणि सामान भरपूर असेल तर तेही परवडतं. नाहीतर स्थानिक बस धरून किंवा समुद्राकाठानं चालत स्टेशनवर यायचं. साध्या लोकलचं तिकीट पाच युरोच्या आसपास पडतं. कागदी तिकीट घेतलं तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तपासनिसाच्या लेखी विनातिकीट, दंड ठरलेला.

‘शोपेरो’ हा एक इटालियन शब्दही पाठ करून ठेवा. शोपेरो म्हणजे संप. इटलीत रेल्वेचे संप वारंवार होतात, पण रीतसर, आधी जाहीर करून. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. आता हिशेब करा : क्रूझचा माणूस स्टेशनवर पोहोचतो साधारण दहाला. म्हणजे नेमका त्या वेळांच्या बाहेर. निघण्याच्या आठवड्यात संपाची तारीख बघून ठेवलेली बरी.

आम्हाला संप नव्हता, उलट वेळ हाताशी होता. हॉटेलची खोली दोन-तीनशिवाय मिळत नाही, मग रोमला अकरा वाजता जाऊन करायचं काय? सौ. स्टेशनवर बॅगांवर बसली आणि मी गाव बघायला निघालो. बहुतेक प्रवासी या गावाकडे पाठ फिरवून पळतात. ते बिचारं दोन हजार वर्षांचं आहे. सम्राट ट्राजाननं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हे बंदर बांधून घेतलं. तो बसका किल्ला मायकेलअँजेलोच्या नावानं ओळखला जातो, पण १५०८ मध्ये त्याचं काम सुरू केलं वास्तुकार ब्रामान्तेनं. फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल १८३१ पासून इथे फ्रान्सचा वाणिज्यदूत म्हणून नेमणुकीवर होता आणि भयंकर कंटाळला होता.

मला जायचं होतं ते जपानी हुतात्म्यांच्या चर्चमध्ये. बाहेरून साधंच. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीनंतर ते पुन्हा उभं राहिलं. आत मात्र पाऊल थबकतं : समोर बाळाला घेतलेली मेरी, आणि तिच्या अंगावर किमोनो. ही चित्रं १९५०च्या दशकात लुका हासेगावा या जपानी चित्रकारानं काढली. जपानचं या गावाशी नातं जुनं. जपानी सरदारानं पाठवलेला दूत हासेकुरा त्सुनेनागा मेक्सिको, स्पेन असं करत १६१५ मध्ये पोपच्या भेटीसाठी याच बंदरात उतरला होता.

पण मी गेलो होतो वसईच्या माणसासाठी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत ज्या २६ ख्रिस्ती जणांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमानं क्रुसावर चढवलं, त्यांत एक होता गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई वसईकडची. तरुणपणी तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन पंथात दाखल झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानात आला. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद दिलं. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. तिथे शिकलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की रोमच्या बंदरात त्याच्या सोबत्यांसाठी देऊळ उभं आहे? मी बर्म्युडात होतो, म्हणून मागच्या बाकावर बसलो. परतलो तेव्हा सौ.नं बंदरावर घेतलेलं एकुलतं एक सँडविच संपवलं होतं.

गाडीत उजव्या बाजूला बसा, सुरुवातीला बराच वेळ समुद्र दिसतो. आणि डोळे मिटून तेर्मिनीचं, म्हणजे मुख्य स्टेशनचं तिकीट काढू नका. आधी हॉटेल कुठे आहे ते बघा. व्हॅटिकनजवळ असेल तर सान पिएत्रोला उतरा, त्रास्तेव्हेरेत असेल तर त्याच नावाच्या स्टेशनवर. ओस्तिएन्सेला मेट्रो मिळते. तेर्मिनीला या गाड्या पार टोकाच्या फलाटांवर लागतात. दारापर्यंत चालता चालता घाम फुटतो.

पुढे रस्त्यावर काळ्या दगडांचे चौकोनी ठोकळे. त्यांना ‘साम्पिएत्रीनी’ म्हणतात. दिसायला देखणे, पण बॅगेच्या चाकांचा काळ. नकाशावरचं ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ हे मोकळ्या हातांचं गणित असतं.

हॉटेलात अकराला पोहोचलात तरी हरकत नाही. बॅगा ठेवून घेतात, ते विचारायला लाजू नये. पासपोर्ट मागतात, कारण प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांना कळवणं त्यांना बंधनकारक आहे. शहराचा मुक्काम-कर माणशी, दर रात्री, वेगळा भरावा लागतो. आगाऊ सगळे पैसे भरले असतील तरीही. काउंटरवर त्यावरून वाद घालणारं एखादं आपलं कुटुंब हमखास दिसतं.

खोली मिळाली, पाठ टेकली, आणि पलंग हलू लागला. सात दिवस लाटांवर काढलेलं शरीर जमिनीवरही डोलत राहतं. बहुतेकांचं ते एक-दोन दिवसांत थांबतं. ‘‘तुम्हालाही हलतंय का?’’ सौ.नं विचारलं. बर्म्युडा बदलायचं राहूनच गेलं होतं.