उकिरड्यातलं प्लास्टिक शेतात अन् जनावराच्या पोटात! भंगारवाला काय नेतो, काय नाही?

शेणखताची ट्रॉली शेतात रिकामी केली की खताबरोबर वेफरची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या आणि फाटक्या कॅरीबॅगाही दिसतात. पूर्वी उकिरड्यात शेण, राख, भाजीची देठं पडायची, सगळं कुजून जायचं. आता घरात प्लास्टिक आलं, उकिरडा मात्र तोच राहिला.

प्लास्टिक कुजत नाही. खरकट्याच्या वासानं गाय-म्हैस पिशवीसकट खाते. पिशव्या पोटात साठत जातात, जनावर चारा सोडतं, पोट फुगतं आणि शेवटी ऑपरेशनची वेळ येते.

भाव कशाला?
लोखंड, पत्रा, पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, फुटक्या बादल्या, ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला नेतो. वेफरच्या पाकिटाला हात लावत नाही. त्यात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. शिवाय पोतं भरलं तरी काट्यावर वजन भरत नाही. भिजलेल्या, खरकटं लागलेल्या पुठ्ठ्याचाही भाव पडतो.

घरात काय करायचं?
- खरकटं, देठं उकिरड्यात. प्लास्टिक वेगळ्या पोत्यात.
- दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, तो तुकडाच मातीत जातो. पिशवी धुऊन, वाळवून ठेवा.
- फवारणीच्या औषधाच्या बाटल्या या पोत्यात टाकू नका, घरात वापरू तर नकाच.
- चुलीत प्लास्टिक जाळू नका. विषारी धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि पोरांच्या छातीत जातो.

खरी अडचण पुढं
घरी वेगळं केलं आणि घंटागाडीनं सगळं एकत्र करून ओढ्याकाठी ओतलं, तर उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक कचरा व्यवस्थापन युनिटसाठी १६ लाख रुपयांपर्यंत निधीची तरतूद आहे. भंगारवाला नेत नाही तो माल अशा युनिटमधून तुकडे किंवा गठ्ठे करून रस्त्याच्या डांबरात वा सिमेंट कारखान्याच्या भट्टीत वापरता येतो.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत विचारा: आपल्या तालुक्याचं युनिट कुठं आहे? चालू आहे का? आपल्या गावचा माल तिथं जातो का? पण हे विचारताना घरात वेगळं भरलेलं पोतंही तयार पाहिजे. शेणात मिसळलेलं प्लास्टिक कुणीच घेत नाही.