पट्टे दिसले म्हणजे मण्यारच का?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत गोळा करून झाली आणि एका ताईने मोबाईल पुढे केला. "मॅडम, सांगा बरं, हा मण्यार का कवड्या?" फोटोत सरपणाजवळ बसलेला पट्ट्यापट्ट्यांचा साप. निम्म्या जणी म्हणाल्या मण्यार, निम्म्या म्हणाल्या कवड्या. त्या धूसर फोटोवरून मलाही ठरवता आलं नाही. म्हणून या अंकात हाच विषय घेतला.

मण्यार अतिशय विषारी. कवड्या बिनविषारी, घरातल्या पाली खाणारा. दोघंही रात्री फिरतात, दोघंही घरात शिरतात, दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. मग गोंधळ होणारच. लांबूनच हे बघा:

रंग – मण्यार काळा किंवा निळसर काळा, तेल लावल्यासारखा चकचकीत. कवड्या बहुतेक तपकिरी.

पट्टे – मण्यारचे पट्टे पांढरे, बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीने. डोक्यामागे थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचं उलटं. त्याचे पांढरट-पिवळसर पट्टे मानेजवळच सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात.

चढणं – कवड्या खडबडीत भिंतीवर सहज चढतो. मण्यार बहुतेक जमिनीवरच दिसतो.

पण तायांनो, एवढ्यावर विसंबू नका. काही मण्यारांचे पट्टे पुसट असतात, काहींना जवळजवळ नसतातच. कात टाकायच्या आधी सापाचा रंगही मळकट दिसतो. त्यात रात्रीची वेळ आणि आपण घाबरलेल्या. म्हणून नियम एकच: खात्री नसेल तर विषारीच समजायचं. जवळ जायचं नाही, मारायचं नाही, सर्पमित्राला बोलवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मण्यारचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. झोपेत डास चावला असं वाटतं. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलता-गिळता येत नाही, मग श्वास अडकतो. "पित्त झालं असेल" म्हणत घरी थांबलो तर माणूस हातचा जातो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असा त्रास झाला, तर खूण दिसो न दिसो, दवाखाना गाठा.

साप चावल्यावर १०८ ला फोन करा. माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला भाग हलू देऊ नका. करकचून बांधणं, कापणं, चोखणं, मंत्र-उतारा यात वेळ घालवू नका. साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही. आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच असते. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात.

रोजच्यासाठी दोन सवयी: शक्यतो खाटेवर झोपा, आणि खाट असो की जमीन, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. सरपण घरापासून लांब रचा.

पुढच्या बैठकीआधी एक काम करा. आशाताईंना विचारा, ही लस आपल्या जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळते? त्याचं नाव आणि फोन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी आले की आधी तेच पान बघणार आहे!