बिल थकलंय? आधी ४५ दिवस मोजा

श्रोत्यांकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच असतो: "माल दिला, बिल दिलं, पार्टी पैसे देत नाही. आता काय?" आजचा भाग त्यावर. मी वकील नाही. भोसरीत माझं कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे आणि एक वसुली मी शेवटपर्यंत नेली आहे. त्यातून जे कळलं ते सांगतो. तुमच्या केससाठी वकिलांचा सल्ला घ्याच.

रक्कम लहान असली की बरेच जण लघुवाद न्यायालयाचं नाव घेतात. पण मुंबईत ते कोर्ट लोकांना माहीत आहे ते मुख्यतः घरमालक-भाडेकरूंच्या भांडणांसाठी. दिवाणी दावा करता येतोच. पण तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असाल, म्हणजे स्वतः माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल, तर त्याआधी एक जवळचा दरवाजा आहे. २००६ चा एमएसएमईडी कायदा.

हा कायदा काय म्हणतो? माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. पीओवर "९० दिवस" छापलेलं असलं तरी ४५ च. लेखी करार नसेल तर मुदत फक्त १५ दिवसांची. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के. २,४०,००० रुपये वर्षभर अडकले तर साधारण ४७,००० रुपये व्याज होतं. ही रक्कम मागायला भीड वाटायचं कारण नाही, ती कायद्यानेच दिलेली आहे.

माझी केस अशी. पार्टी दुसऱ्या राज्यातली, बाकी २,४०,०००, अकरा महिने "पुढच्या आठवड्यात बघतो". माझ्याकडे सहा माणसं, आणि क्राफ्ट पेपर रोखीने घ्यावा लागतो. म्हणजे त्यांचा धंदा माझ्या ओव्हरड्राफ्टवर चालला होता. तरी घरचे म्हणत होते, "अहो, पार्टी तुटेल." मी एवढंच म्हटलं, जी पार्टी पैसेच देत नाही, ती टिकवून आपण नक्की काय टिकवतोय?

फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज ऑनलाइन करता येतो. मी 'समाधान' पोर्टलवर केला. यातली सगळ्यात सोयीची गोष्ट म्हणजे कौन्सिल आपल्या भागातली असते, पार्टी देशात कुठेही असो. आपल्याला त्यांच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. उद्यम नोंदणी मात्र हवीच, आणि ती माल देण्याच्या आधीची हवी. नोंदणी नंतरची म्हणून कोर्टांनी हा लाभ नाकारलेला आहे. नोंदणी फुकट आहे, आजच करून ठेवा.

सुनावणीत पार्टी म्हणाली, "बॉक्स ओले निघाले होते." इथे कागद कामी आले. मालाबद्दल तक्रार असेल तर ती डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी करावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असंच धरतात. माझ्याकडे त्यांच्या गेटचा शिक्का असलेलं चलन होतं. शिवाय तीन आठवड्यांनी त्यांनीच "असेच आणखी बॉक्स पाठवा" अशी ईमेल केली होती. विषय तिथेच संपला.

म्हणून प्रत्येक ऑर्डरमागे चार कागद जपा: पीओ (निदान ऑर्डरची ईमेल), बिल, सही-शिक्क्याचं चलन आणि वर्षातून एकदा पार्टीने सही केलेलं बॅलन्स कन्फर्मेशन. हा चौथा कागद फार मोलाचा. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण त्या मुदतीच्या आत पार्टीने लेखी, सहीनिशी बाकी कबूल केली तर मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. फोनवरच्या "बघतो"ने ती वाढत नाही.

कौन्सिल आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, नाही जमला तर लवाद. कायद्यात ९० दिवसांत निकाल लिहिलाय. प्रत्यक्षात जास्त लागतात, ती तयारी ठेवा. आमचा समेट झाला. पूर्ण मुद्दल तीन हप्त्यांत आणि थोडं व्याज. बाकीचं व्याज मी सोडलं. माझा हिशोब साधा आहे: व्याज हे घासाघीस करायला असतं, मुद्दल नाही. आणि समेट तोंडी नको. तारखा आणि सह्या हव्यात.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि पार्टीला तो रद्द करून घ्यायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम कोर्टात भरावी लागते. त्यामुळे उगीच अपिलात जाणारे कमी होतात. पण निकालाचा कागद म्हणजे पैसे नव्हेत. तरीही दिले नाहीत तर कोर्टात दरखास्त करावी लागते. पार्टीकडे काही उरलंच नसेल तर तिथेही हात रिकामेच. म्हणून उशीर करू नका.

अर्जाच्या आधी एक साधं पत्र पाठवून बघा. त्यात दोन गोष्टी नम्रपणे लिहा. एक, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर जीएसटीचं इनपुट क्रेडिट त्यांना व्याजासह परत करावं लागतं. दोन, आयकर कायद्याप्रमाणे मुदत उलटली आणि ३१ मार्चपर्यंत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्यांना त्या वर्षी धरता येत नाही. हे पत्र मालकापेक्षा त्यांच्या सीएला लवकर कळतं.

आणि ट्रेडिंगवाल्यांसाठी: उद्यम नोंदणी तुम्हालाही मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी, या वसुलीसाठी नाही. तुम्हाला दिवाणी कोर्टच. लेखी करार असेल तर वकिलांना समरी सूटबद्दल विचारा. त्यात बचाव करायलाही समोरच्याला कोर्टाची परवानगी लागते. व्यापारी वाद तीन लाखांचा किंवा वरचा असेल आणि तातडीचा आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे.

तर आज एक काम करा. थकलेल्या बिलांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर दिवस लिहा. ४५ च्या पुढे गेलेल्या पहिल्या बिलाचं पत्र याच आठवड्यात पाठवा. प्रश्न असतील तर कळवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू!