खानावळीचा डबा आणि लोहाचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की लहान गावांतली अनेक मुले-मुली पुणे, नाशिक, कोल्हापूरसारख्या शहरांत शिकायला जातात. खोली मिळते, खानावळीचा डबा लागतो. सकाळी उशीर झाला म्हणून नुसता चहा-टोस्ट, दुपारी डब्यातल्या पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ आमटी आणि भात, संध्याकाळी वडापाव. पोट भरते, पण काही महिन्यांनी जिना चढताना धाप लागते, तासाला डोळे मिटू लागतात. घरचे म्हणतात, ‘अभ्यासाचा ताण असेल.’ नेहमी तसेच असते का?

रक्तातील हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचवते आणि ते तयार होण्यासाठी लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के, तर मुलग्यांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आढळले. म्हणजे अनेकजणी घर सोडतात तेव्हाच लोहाचा साठा अपुरा असतो. रक्तक्षयाला इतरही कारणे असतात. पण लोहाची कमतरता हे त्यांतले मोठे कारण आहे.

डब्यात लोह अगदीच नसते असे नाही. गहू, डाळी, पालेभाज्या यांत ते असते. मात्र वनस्पतिजन्य लोहाचा थोडाच भाग आतड्यात शोषला जातो. त्यातच जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला, तर चहातील टॅनिन लोहाला घट्ट धरून ठेवते आणि शोषण आणखी घटते.

हे वर्गात दाखवता येईल. कोऱ्या चहात एक गंजलेला खिळा रात्रभर ठेवा. सकाळी चहा शाईसारखा काळा झालेला दिसेल. (तो अर्थातच पिऊ नये.) पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करीत, त्यामागेही टॅनिन आणि लोह यांचीच जोडी होती. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर असावे.

याउलट ‘क’ जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. उष्णतेने ते नष्ट होत असल्याने लिंबू आमटी उकळताना नव्हे, तर पानात वाढल्यावर पिळावे. १०० ग्रॅम पेरूतून सुमारे २०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व मिळते. जेवणाबरोबर पेरूच्या चार फोडी खाल्ल्या तरी त्याच पोळी-आमटीतले लोह अधिक उपयोगी पडते.

आता प्रथिने. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने, अशी भारतीय शिफारस (२०२०) आहे. ५० किलो वजनाला ती सुमारे ४२ ग्रॅम होतात. पातळ आमटीतून फार थोडी मिळतात. ३० ग्रॅम फुटाण्यांतून किंवा शेंगदाण्यांतून सुमारे ७ ग्रॅम मिळतात. आणि त्यांना ना गॅस लागतो, ना फ्रीज. खोलीत मटकीला मोडही आणता येतात. कोरड्या कडधान्यात ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते, ते मोड येताना तयार होते. मोड मात्र स्वच्छ पाण्याने धुऊन, थोडे वाफवून खावेत. दमट उबेत जंतूही वाढतात.

एक सावधगिरी. मोठ्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा (प्रति १०० मिलिलिटर रक्त) आणि १५ वर्षांवरील मुलग्यांमध्ये १३ ग्रॅमपेक्षा कमी असले, तर रक्तक्षय समजतात. अशा वेळी केवळ लिंबू आणि फुटाण्यांवर विसंबू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने कारण शोधावे व गोळ्या घ्याव्यात.

शिक्षकांनी बारावीच्या वर्गात एक तास यासाठी जरूर द्यावा. प्रत्येकाने आदल्या दिवशी काय, किती वाजता खाल्ले ते लिहावे आणि चहाच्या वेळांखाली रेघ मारावी. मग एकच प्रश्न विचारावा: खर्च न वाढवता यातले काय बदलता येईल? निम्म्या वह्यांत तरी पहिले उत्तर चहाची वेळ हेच निघेल.